ताईच्या स्वयंपाकघरातला डबा



गेल्या हिवाळी सुट्टीत मी माझ्या थोरल्या बहिणीकडे आयर्लंडला जाऊन आले. हिवाळी म्हणजे आपल्याकडची. तिकडे त्या वेळी उन्हाळा असतो आणि रात्रीचे नऊ वाजले तरी अंगणात उजेड असतो. ताई आपल्या मुलाजवळ ब्लँचर्डस्टाउन येथे राहते. डब्लिन शहराच्या वायव्येस, फिंगल काउंटीत हा भाग येतो. जवळून टोल्का नदी वाहते. कॉनली हॉस्पिटल तेथेच आहे, आणि १९९६ साली उघडलेल्या मोठ्या बाजारसंकुलाच्या सभोवती एकसारख्या घरांच्या रांगाच रांगा आहेत. भारतातून आलेली पुष्कळ कुटुंबे या भागात राहतात. बसमध्ये पाठीमागच्या बाकावरून शुद्ध मराठी ऐकू आले तेव्हा मी दचकून मागे वळून पाहिले!

आज मात्र मला लिहायचे आहे ते ताईच्या स्वयंपाकघरातील एका डब्याविषयी.

डबा म्हणजे स्पीकर. भाच्याने घरात असे तीन बसविले आहेत. त्यांना आपल्या जुन्या रेडिओसारखे कान पिळायचे बटण नाही. कोणते गाणे लावायचे, कोणत्या खोलीत लावायचे, हे सारे फोनमधील अ‍ॅपवरून सांगायचे. ताईचे भावोजी गेले त्याला आता काही वर्षे झाली. कास्कावेलच्या बाजूला आमच्या गावात भजनी मंडळ होते, त्यात ते पेटी वाजवीत आणि गात. गणेशचतुर्थीला केलेल्या त्यांच्या भजनांच्या काही कॅसेटी होत्या. भाच्याने त्या मोठ्या कष्टाने कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि स्पीकरला जोडून दिल्या. ही भजने बाजारात मिळत नाहीत, इंटरनेटवरच्या कोणत्याही गाण्यांच्या दुकानात नाहीत. ती आहेत फक्त त्या घरात.

ताईने आपल्या वहीत लिहून ठेवले होते: पहिल्यांदा हिरवा चौकोन, मग घराचे चित्र, मग ‘बाबा’. तीन वेळा बोट लावले की स्वयंपाकघरात भावोजींचा आवाज येई. रोज सकाळी सहाला, चहा ठेवण्याच्या आधी.

मग एके दिवशी अ‍ॅप आपोआप बदलले. कंपनीने त्याला नवे रूप दिले होते. हिरवा चौकोन गेला. घराचे चित्र राहिले, पण त्यावर बोट लावले की अनोळखी गायकांची रंगीत चित्रे येऊ लागली. ‘बाबा’ कोठेच दिसेना. ताईला वाटले, आपल्याच हातून काहीतरी बिघडले. मुलगा हॉस्पिटलात रात्रपाळी करून दमून येतो, त्याला कशाला सांगायचे? आठ दिवस ती गप्प राहिली. नवव्या दिवशी फोनवर मला म्हणाली, “अगं, मी त्यांची भजनं पुसून टाकली वाटतं.” तिचा तो आवाज माझ्या अजून कानात आहे.

भजने पुसली गेली नव्हती. ती तीन पाने आत, दुसऱ्याच नावाखाली सापडली. पण भाच्यालाही ती शोधायला अर्धा तास लागला. कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही. भाचा म्हणाला, “मावशी, आमचं तर काहीच नाही. सोनोसवाल्यांचं काय झालं, ते वाच.”

मी वाचले. सोनोस ही अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची कंपनी, २००२ साली स्थापन झालेली. घराच्या अनेक खोल्यांत एकाच वेळी गाणे वाजविणारे स्पीकर ही तिची ख्याती. ७ मे २०२४ रोजी तिने आपले अ‍ॅप मुळापासून नवे करून लोकांना दिले. त्यात झोपताना गाणे आपोआप बंद करण्याची सोय नव्हती. गजर लावता येईना, पुढे वाजणाऱ्या गाण्यांचा क्रम बदलता येईना, स्वतःच्या घरी साठविलेल्या गाण्यांत शोध घेता येईना. अंध माणसे फोनवरची अक्षरे वाचून दाखविणाऱ्या सोयीच्या आधाराने चालतात. त्यांचीही नव्या अ‍ॅपात पंचाईत झाली. पुष्कळांचे स्पीकर तर अ‍ॅपला सापडेनासेच झाले. लोकांनी शेकडो युरो, डॉलर मोजून घेतलेली ही यंत्रे, आणि त्यांत काडीचाही दोष नव्हता!

ओरड झाली. जुलैमध्ये कंपनीचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली. लोक म्हणत होते, आमचे जुने अ‍ॅप परत द्या. कंपनीने तसा विचारही केला, पण ऑगस्टमध्ये सांगितले की तसे केल्यास त्रास वाढेलच. कारण बदल फक्त फोनमध्ये झाला नव्हता. स्पीकरच्या आतील आज्ञावली आणि कंपनीची दूरची यंत्रेही बदलली होती. परतीचा पूलच उरला नव्हता. दुरुस्तीस दोन ते तीन कोटी डॉलर लागतील असा अंदाज कंपनीनेच दिला. त्याच महिन्यात सुमारे १०० नोकर कमी केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये स्पेन्स यांनी पद सोडले. काढून घेतलेल्या सोयी एकेक करून परत आल्या, त्यालाही कित्येक महिने लागले.

मी शिक्षिका आहे. ट्रेनिंगच्या वर्षी आमच्याकडून घोकून घेतले होते: ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. मुलाला नवी रीत शिकविताना जुनी रीत फळ्यावर राहू द्यावी, ती त्याने स्वतः पुसावी. आमच्या एका बाई तर डस्टरच काढून घेत! हे इंजिनियर माझ्यापेक्षा शंभरपट हुशार असतील, पण फळा त्यांनी रात्रीत पुसला आणि सकाळी वर्गाला म्हणाले, पाहा किती सुंदर फळा. नवे करू नये असे माझे म्हणणे नाही. जुन्या पायावर नव्या सोयी बसविणे कठीण होते, हे कंपनीचे म्हणणे खरेही असेल. परंतु ज्याने वस्तू विकत घेतली त्याला, ‘आज नको, पुढच्या महिन्यात’, एवढे तरी म्हणता यावे की नाही? आपल्या घरचे कपाट सुतार रात्री येऊन हलवीत नाही.

आणि ताईसारख्या माणसांचे वाईट याचे वाटते की ती तक्रार करीत नाहीत. ती स्वतःला दोष देतात. सोनोसच्या कंपनीपर्यंत आवाज पोहोचला, कारण तेथे ओरडणारे पुष्कळ होते. वहीत तीन ओळी लिहिलेली ताई कोणाकडे जाणार?

मी तेथे होते तेव्हा भाच्याने बाजारसंकुलातून बटणांचा एक साधा प्लेयर आणला. त्याला इंटरनेट लागत नाही. बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर सारी भजने भरली आणि ‘चालू’च्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, कारण ताईला आता बारीक अक्षर दिसत नाही. भिंतीवरचे तिन्ही स्पीकर आहेत तसेच आहेत, नातवंडे त्यांवर आपली गाणी लावतात. ताईने वहीतील जुन्या तीन ओळी खोडल्या नाहीत. त्यांच्याखाली तिने लिहिले: लाल ठिपका.

येथे परत आल्यावर मी कपाटातून मूळ कॅसेटी काढल्या. चारपैकी दोनांना बुरशी लागली आहे. उरलेल्या दोन मी जपून ठेवल्या आहेत.