भरतीची रेषा आणि घराचे जोते
(द्वितीय वर्ष कला)

रायगडच्या किनाऱ्यावर ज्याला घर बांधायचे किंवा जुने घर नीट करायचे आहे, त्याला तीन रेषा ठाऊक असाव्या लागतात. पहिली गावठाणाच्या हद्दीची, दुसरी नगर रचनेच्या नकाशातील झोनची आणि तिसरी भरतीची. पहिल्या दोन रेषा महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात भेटतात. तिसरी मात्र समुद्राकाठच्या माणसांच्याच वाट्याला आलेली आहे, आणि तीच सर्वांत कमी समजलेली आहे.

आपल्या महाविद्यालयात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या तालुक्यांतल्या किनारी गावांतून येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. माझ्यासारखे काहीजण घरातून महाविद्यालयात आलेले पहिलेच. अशा घरांत कोणताही सरकारी कागद आला की तो आपल्या हातात दिला जातो. वडील चौथी शिकलेले, आई मासळीची पाटी घेऊन बाजारात जाणारी; 'तू वाचतेस ना, मग सांग काय लिहिलंय,' एवढेच त्यांचे म्हणणे. म्हणून हा विषय साहित्याचा नसला तरी आपल्या वार्षिकात त्याला जागा असावी असे मला वाटते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, माडांची खोडे मोडली आणि हजारो घरांची कौले व पत्रे उडाले. आमच्याही घराची एक बाजू उघडी पडली. तात्पुरते पत्रे घालून आम्ही दिवस काढले. पुढे थोरल्या भावाचे लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा वडिलांनी दोन गोष्टी मनात धरल्या: पडकी भिंत पक्की बांधायची आणि एक खोली वाढवायची. त्यासाठी ते एका कार्यालयात गेले. 'सीआरझेडमध्ये बसत नाही,' एवढे चार शब्द ऐकून परत आले. कोणता नियम, कोणते कलम, काय बसत नाही, हे कोणी सांगितले नाही. मग तो नियम आपणच वाचावा असे मी ठरवले. जे समजले ते येथे क्रमाने मांडते.

प्रथम गावठाण. गावातील वस्तीसाठी जुन्या मोजणीत जी जागा राखली गेली ते गावठाण. त्याबाहेरची जमीन शेतीची. तिला गट नंबर आणि सातबारा असतो. गावठाणातल्या घरांना सहसा सातबारा नसतो. त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत असते. जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिकाही असते. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून अशा पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले. वस्ती वाढत गेली, पण गावठाणाची हद्द पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. त्यामुळे एकाच आळीतली दोन घरे, एक हद्दीच्या आत आणि एक बाहेर, अशी स्थिती आपल्याकडे सर्रास दिसते.

दुसरी रेषा झोनची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६ चा आहे. त्याखालील आराखड्यांत कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती शेतीसाठी, कोणती हरित पट्ट्यासाठी हे रंगांनी दाखवलेले असते. आपला गट नंबर देऊन झोन दाखला मागता येतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच बांधकाम नियमावली आली. शेतजमीन बिगरशेती करण्याचा नियम १९६६ च्याच जमीन महसूल संहितेतला. त्यात गेल्या काही वर्षांत एकामागून एक सवलती देण्यात आल्या आहेत. परंतु येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. या दोन रेषांत मिळालेली कोणतीही सवलत तिसरी रेषा पुसून टाकत नाही.

आता ती तिसरी रेषा. १९८१ साली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्याची सूचना केली. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. यालाच आपण सीआरझेड म्हणतो. तिच्या जागी ६ जानेवारी २०११ ला दुसरी आणि १८ जानेवारी २०१९ ला तिसरी अधिसूचना आली.

या अधिसूचनांनी किनाऱ्याचे चार वर्ग केले. कांदळवने, वाळूच्या टेकड्या, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे आणि भरती-ओहोटीमधली जागा हा पहिला वर्ग. येथे घराचा प्रश्नच नाही. आधीच दाट वस्ती, रस्ते व गटारे असलेला शहरी भाग हा दुसरा. तेथे साधारणपणे जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत इमारतींच्या जमिनीकडील बाजूला बांधता येते. चौथा वर्ग पाण्याचा. आपली बहुतेक खेडी येतात ती तिसऱ्या वर्गात.

तिसऱ्या वर्गात समुद्राच्या भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंतचा पट्टा म्हणजे 'ना विकास क्षेत्र'. दोनशे ते पाचशे मीटरच्या पट्ट्यात गावठाणे व कोळीवाडे यांच्या परंपरागत हक्कांच्या मर्यादेत घर बांधता येते, पण उंची नऊ मीटरपेक्षा जास्त नको आणि तळमजल्यावर एकच मजला. २०१९ च्या अधिसूचनेने तिसऱ्या वर्गाचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या ग्रामीण भागात दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक लोक राहतात तेथे ना विकास क्षेत्र पन्नास मीटरचे. इतर ठिकाणी दोनशे मीटर कायम. मात्र ही नवी अधिसूचना त्या त्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन नकाशा तिच्यानुसार मंजूर झाल्यावरच लागू होते. म्हणून कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा: 'माझे घर तुम्ही कोणत्या वर्षाच्या नकाशावर पाहता आहात?'

भरतीची रेषा म्हणजे पुळणीवर दिसणारी ओली खूण नव्हे. ती केंद्र सरकारने नेमलेल्या संस्थांनी आखलेली नकाशावरची रेषा आहे. २०१९ नंतर यासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय किनारा व्यवस्थापन केंद्राची आखणी प्रमाण धरली जाते. खाडीकाठी, म्हणजे कुंडलिकेच्या किंवा राजपुरी खाडीच्या काठावर, माप वेगळे आहे. २०११ च्या नियमात शंभर मीटर किंवा खाडीची रुंदी, २०१९ च्या नियमात पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते.

आता आमच्यासारख्यांच्या प्रश्नाकडे येऊ. घर ना विकास क्षेत्रात असेल तर त्याची डागडुजीही करता येत नाही काय? करता येते. अधिसूचनेत तसे स्पष्ट आहे. अस्तित्वात असलेल्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती करता येते. अट एवढीच की जोत्याचे क्षेत्र, चटईक्षेत्र आणि घनता पूर्वीपेक्षा वाढता कामा नये. शिवाय मच्छीमार व इतर परंपरागत किनारी समाजांच्या राहत्या घरांसाठी २०११ मध्ये शंभर ते दोनशे मीटरच्या पट्ट्यात वाट ठेवली गेली आणि २०१९ मध्ये ती अधिक मोकळी झाली. स्वतः राहण्यासाठी तीनशे चौरस मीटरपर्यंतचे घर असेल, तर २०१९ च्या नियमानुसार त्याचा प्रस्ताव राज्याच्या किनारा प्राधिकरणाकडे पाठवावा लागत नाही. स्थानिक अधिकारी नियम तपासून निर्णय देऊ शकतात. म्हणजे वडिलांना मिळालेले उत्तर निम्मेच खरे होते. भिंतीचा प्रश्न वेगळा आणि वाढीव खोलीचा वेगळा. पहिला दुरुस्तीत मोडतो, दुसऱ्यासाठी परंपरागत समाजाच्या तरतुदीखाली स्वतंत्र मागणी करावी लागते. हा फरक सांगायला कोणाला पाच मिनिटे लागली असती.

पण सारा भार येऊन पडतो तो 'अधिकृत' या एका शब्दावर. घर अधिकृत आहे हे सिद्ध कसे करायचे? येथे आपल्या गावांतले तीन गैरसमज आड येतात. घरपट्टी भरली म्हणजे घर अधिकृत झाले, हा पहिला. घरपट्टी हा कर आहे. तो भरल्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि परवानगीही. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजे बांधकाम परवाना, हा दुसरा. जमीन बिगरशेती झाली की सारे संपले, हा तिसरा. मात्र घरपट्टीची जुनी पावती निरुपयोगी नाही. निर्बंध १९ फेब्रुवारी १९९१ पासून सुरू झाले. त्याआधी त्याच जागी घर उभे होते हे दाखवणारा प्रत्येक कागद आपली बाजू बळकट करतो. आमच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या नावाच्या पावत्या निघाल्या. त्यांवर 'जिल्हा कुलाबा' असे छापलेले आहे. कुलाब्याचे रायगड झाले १९८१ साली. त्यामुळे पावतीवरची तारीख पुसट झाली असली तरी तो मथळाच तिचे वय सांगतो.

हे नियमच नकोत असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. वाळूच्या टेकड्या, केवड्याची बने आणि सुरूची झाडे वादळाचा पहिला मारा अंगावर घेतात. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत भूजल उपसण्यास मनाई केली आणि पुढच्या पट्ट्यात साध्या विहिरीतून हातानेच पाणी काढावे असे सांगितले. किनाऱ्यालगत पंपाने बेसुमार उपसा झाला की विहिरींचे पाणी मचूळ होते आणि त्याचा फटका वाडीवाल्यालाच बसतो. नियम किनाऱ्याच्या हिताचा आहे. आणि किनारा प्रथम आमचा आहे.

नियम मोठ्यांनाही लागतो हे किहीमला दिसले. तेथील नीरव मोदी यांचा समुद्राजवळचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी स्फोटके लावून पाडण्यात आला. अलिबाग तालुक्यातील किनाऱ्यावरच्या बेकायदा बंगल्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. त्यानंतरची ही कारवाई. कायदा बंगल्याला आणि झोपडीला सारखाच आहे, हे खरे. पण बंगलेवाल्याकडे वास्तुविशारद असतो, वकील असतो, नकाशा वाचणारा माणूस असतो. आमच्याकडे पेटीतल्या पावत्या असतात, आणि त्याही पावसात भिजलेल्या. दोघांतले खरे अंतर नियमाचे नसून कागदांचे आहे.

आमचा अर्ज आता दाखल झाला आहे. भिंत आणि जोते जुन्याच मापाचे दाखवले आहे. खोलीची मागणी वेगळ्या तरतुदीखाली केली आहे. निर्णय यायचा आहे आणि भावाचे लग्न त्यावर थांबले आहे.

तोवर माझी विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. या सुट्टीत घरी गेल्यावर पाच कागद एकत्र करावेत: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नमुना ८ चा उतारा, १९९१ पूर्वीची कोणतीही पावती वा दाखला, झोन दाखला, आणि घराच्या आजच्या जोत्याची लांबी-रुंदी लिहून काढलेला साधा कच्चा नकाशा, फोटोसह. वादळ येऊन गेल्यावर जोते किती होते हे सांगणे फार अवघड असते. प्राध्यापकांनाही सुचवावेसे वाटते की राष्ट्रीय सेवा योजनेचे पुढचे शिबिर एखाद्या किनारी गावात झाले, तर गावाचा किनारा नकाशा मोठा करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि प्रत्येक घराची नोंद करायला विद्यार्थ्यांनी मदत करावी. त्यासाठी लागेल ती मोजपट्टी, वही आणि वाचता येणारी चार मुले.