थंडाव्याचा ठराव

आमच्या पतसंस्थेच्या बांधकाम समितीवर मला घेतलं, ते बांधकामातलं मला काही कळतं म्हणून नव्हे. छत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. समितीत निदान एक माणूस तरी असा हवा, की ज्याचा मेहुणा सिमेंट विकत नाही आणि ज्याचा जावई फरशा बसवत नाही, एवढीच माझी पात्रता. २०१९ साली सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास आम्ही तळमजला अधिक तीन मजले अशी इमारत बांधायला घेतली. तळाला आमचं कार्यालय आणि ठेवीदारांचा हॉल, वर भाड्यानं द्यायचे गाळे. दगडी पायाची पूजा झाली, पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच बैठकीत विषय आला: ‘इमारतीस वातानुकूलन यंत्रणा बसविणेबाबत.’

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. ते आठ महिने चाललं.

सोलापूरचा एप्रिल ज्यांनी सोसलाय, त्यांना एसी ही चैन आहे की गरज, हे विचारण्यात अर्थ नाही. जुन्या कार्यालयात दुपारी तीन वाजता नोटा मोजताना रोखपालाच्या कपाळाचा घाम नोटांवर पडायचा. म्हणून तिथे पूर्वी आम्हीच, म्हणजे माझ्याच सहीनं, चार स्प्लिट एसी बसवले होते. गारवा आला; पण त्याबरोबर एक नवीनच तक्रार आली. दुपारी माणसं पेंगायची. खतावणीत चुका व्हायच्या. एका गृहस्थांच्या मुदत ठेवीवर दोनदा व्याज जमा झालं. आम्ही सगळं खापर जेवणाच्या डब्यांवर फोडलं. खरं कारण मला पुढे कळलं, ते ओघात येईलच.

तर कोटेशनं मागवली. पहिले गृहस्थ आले, त्यांनी नकाशा पाहिलासुद्धा नाही. ‘एरिया किती?’ एवढंच विचारलं. गारवा द्यायची जागा नऊ हजार चौरस फूट. त्यांनी मोबाइलवर भागाकार केला. ‘दीडशे फुटाला एक टन. साठ टन घ्या, निवांत राहा.’ दुसऱ्यांनीही साठच सांगितले, तिसऱ्यांनी ‘सोलापूर आहे, पासष्ट धरा’ म्हटलं. तिघांचं एकमत पाहून संचालक मंडळ खूश झालं. माझ्यातला मास्तर मात्र अस्वस्थ झाला. वर्गात तीन मुलांचं उत्तर तंतोतंत सारखं आलं, तर मास्तर काय समजतो?

हा ‘टन’ म्हणजे काय, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. वजनाशी संबंध कसला? संबंध आहे, आणि तो बर्फाशी आहे. एक टन बर्फ (अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो) चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढं काम करणारं यंत्र एक टनाचं. आजच्या हिशेबात साडेतीन किलोवॉट. यंत्रं येण्याआधी गारवा बर्फानंच मोजला जायचा. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरून निघालेलं जहाज कलकत्त्याला पोहोचलं, पुढे मुंबईतही असल्या आयात बर्फाचं बर्फघर झालं. आमच्या लहानपणी लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेल्या लाद्या हातगाडीवरून लग्नघरी जायच्या. साठ टन म्हणजे तसल्या लाद्यांचा रोज साठ टनांचा ढीग! ठेवीदारांच्या पैशांतून एवढा बर्फ घ्यायचा, तर निदान मोजून घ्यावा, असं मी बैठकीत म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, ‘मास्तर, तुम्हीच बघा मग.’ आपल्याकडे शंका काढणाऱ्याला हीच शिक्षा असते.

पुण्याहून एक सल्लागार बाई आल्या. वय असेल पस्तिशीचं. त्यांनी आधी एसीचं नावच काढलं नाही. जुन्या कार्यालयात बसून राहिल्या. किती माणसं येतात, दार किती वेळा उघडतं, संगणक किती, झेरॉक्सचं यंत्र कुठं, सगळं वहीत लिहिलं. मग पर्समधून एक छोटं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं. बाहेर रस्त्यावर आकडा दशलक्ष भागांत चारशेच्या आसपास होता. आत, दुपारी साडेतीनला, दोन हजारांच्या वर गेला. ‘सर, तुमची माणसं आळशी नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांना ताजी हवाच मिळत नाहीये. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो.’ माझ्या सहीचे चारही एसी भिंतीवरून माझ्याकडे बघत होते.

मग त्यांनी नवीन इमारतीचा नकाशा उलगडला आणि पश्चिमेच्या भिंतीवर बोट ठेवलं. वास्तुविशारदानं तिथे वरपासून खालपर्यंत काच दाखवली होती, साठ चौरस मीटर. त्या चित्रावर सगळे संचालक लुब्ध होते. पतसंस्था कशी पुण्या-मुंबईची बँक वाटत होती. बाईंनी हिशेब मांडला. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात, आडोसा नसलेल्या साध्या काचेच्या एका चौरस मीटरमधून अर्ध्या किलोवॉटच्या घरात उष्णता आत येते. म्हणजे साठ मीटरमधून तीस किलोवॉट. ‘हॉलमध्ये तीस इस्त्र्या चालू करून ठेवायच्या आणि त्या विझवायला साडेआठ टनांचा एसी घ्यायचा, असं आहे हे.’

असाच हिशेब वरच्या स्लॅबचा, असाच दिव्यांचा. काच होती तशी ठेवली आणि गच्ची उघडी ठेवली तर पन्नास टन लागतील. काच कमी करून खोल खिडक्या आणि बाहेर जाळी केली, गच्चीवर उष्णतारोधक थर देऊन वर पांढरा चायना मोझेक घातला, दिवे एलईडीचे घेतले, तर अडतीस. पासष्टपासून अडतीसपर्यंत! आणि जास्त टनांचं यंत्र घेतलं म्हणजे जास्त सुख, हेही खोटं निघालं. गरजेपेक्षा मोठं यंत्र झटकन गार करून बंद पडतं, हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात खोली गार पण चिकट राहते. साधं स्प्लिटसुद्धा खोलीपेक्षा मोठं घेतलं, तर घरोघरी हाच अनुभव येतो.

दमटपणावरून माझे वडील आठवले. ते गिरणीत होते. सोलापूरची हवा इतकी कोरडी, की सूत ताणलं की तुटायचं. म्हणून गिरणीत पाण्याचे तुषार सोडून हवा मुद्दाम ओली ठेवायचे. वडील घरी यायचे ते ओलसर सदऱ्यानं आणि खोकत. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दच मुळी कापडगिरणीतला आहे, हे मला या निमित्तानं वाचायला मिळालं. १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकी गिरणी-अभियंत्यानं तो वापरला. त्याआधी, १९०२ साली, विलिस कॅरियरनं ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तीही माणसांसाठी नव्हती. दमट हवेनं कागद फुगून रंग सरकत, म्हणून. आधी कागदाची आणि सुताची सोय पाहिली गेली. माणसांचा नंबर नंतर लागला. मुंबईत १९३३ साली उघडलेल्या रीगल सिनेमात लोक पडदा पाहायला जात तितकेच गारव्यालाही.

टन ठरले, आता प्रकार. प्रत्येक खोलीला स्प्लिट लावणं सगळ्यात स्वस्त. पण भिंतीवर तीसेक डबे लोंबकळणार आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी. डक्टची पॅकेज यंत्रं पाहिली, तर आमच्या तुळयांखालून डक्ट न्यायला उंचीच उरत नव्हती. साडेसात फुटांवर छत आलं असतं. तो विषय तिथेच संपला.

मी स्वतः भाळलो होतो पाण्यावर चालणाऱ्या चिलरवर. त्याचं कारण भूगोल. शाळेत मुलांना मी कोरडा आणि ओला तापमापी शेजारी टांगून दाखवायचो. आमच्याकडे मेमध्ये कोरडा एकेचाळीस दाखवतो तेव्हा ओला तेवीस-चोवीसपर्यंत उतरतो. एवढ्या कोरड्या हवेत कूलिंग टॉवरमधलं पाणी छान गार होतं, यंत्राला वीज कमी लागते. विदर्भातले वाळ्याचे कूलर चालतात ते याच न्यायानं. मुंबईच्या दमट हवेत ते नुसते ओलं वारं मारतात. मी मोठ्या ऐटीत हे सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सर, नळाला पाणी किती दिवसांनी येतं?’ त्या वर्षी चार दिवसांआड येत होतं. दर टनामागे तासाला सहा-सात लिटर पाणी वाफ होऊन जाणार, शिवाय क्षार साठू नयेत म्हणून काही सोडून द्यावं लागणार. भर उन्हाळ्यात रोज तीन हजार लिटरच्या आसपास. आसपासच्या वाड्यांतल्या बायका घागरी घेऊन टँकरची वाट पाहत असताना आमच्या गच्चीवरून पाण्याची वाफ जाणार. बोअरचं पाणी वापरावं, तर ते इतकं जड की नळ्यांत चुनखडी बसायची. मी माझा प्रस्ताव स्वतःच मागे घेतला.

उरलं ते व्हीआरएफ. गच्चीवर मोजकी मोठी यंत्रं, तिथून तांब्याच्या नळ्या खोल्याखोल्यांत, आणि जिथे जेवढी गरज तेवढाच गारवायू जाणार. ही पद्धत जपानात १९८२ साली निघाली. आमचा कारभार दहा ते पाच, वरच्या मजल्यावर येऊ घातलेला क्लास संध्याकाळी, दवाखाना दोन्ही वेळा. अर्धी इमारत नेहमी रिकामी असणार. अशा ठिकाणी हे यंत्र शोभतं. खोटही मोठी आहे. गळती झाली की शोधणं कठीण, आणि इलेक्ट्रॉनिक पट्टी जळली तर कंपनीचा माणूस पुण्याहून अडीचशे किलोमीटर येणार. म्हणून एकच मोठा संच न घेता तीन स्वतंत्र संच घ्यायचे ठरवलं. सर्व्हरच्या खोलीला वेगळे दोन स्प्लिट, एक बंद पडला तरी दुसरा हात देईल असे. वायूचाही घोळ होताच. एका कोटेशनात स्वस्त यंत्रं होती, पण ती आर-२२ वायूवरची. तो ओझोनला मारक, आणि मॉन्ट्रियल करारानुसार भारत तो २०३० पर्यंत बंद करणार आहे. आम्ही घेतलेल्या यंत्रांतला आर-४१०ए ओझोनला त्रास देत नाही. पण हवेत सुटला तर तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट भारी. धुतल्या तांदळासारखा वायू आम्हाला काही कोणी दाखवला नाही.

खरं भांडण लागलं ते यानंतर, आणि तेही पैशांवरून. नकाशात बाहेरची यंत्रं उत्तरेच्या चिंचोळ्या पट्टीत दाखवली होती. नळ्या आखूड, खर्च कमी. त्या पट्टीपलीकडे एक जुना वाडा आहे. तिथे सात बिऱ्हाडं राहतात. त्यातल्या अक्का आमच्या सगळ्यात जुन्या ठेवीदारांपैकी. एसी उष्णता नाहीशी करत नाही, उचलून बाहेर टाकतो. अडतीस टन आतले आणि कॉम्प्रेसरची वीज वरची, असे सगळे मिळून पावणेदोनशे किलोवॉट अक्कांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर फेकले जाणार होते. यंत्रं गच्चीवर न्यायची तर तीन लाख वाढत होते. एक संचालक म्हणाले, ‘कायद्यानं आपली हद्द आहे. शिवाय अक्कांचे पापड लवकर वाळतील.’ काही जण हसले. मीही हसलो असतो, पण आदल्याच आठवड्यात मी अक्कांकडे चहा घेऊन आलो होतो. त्या खिडकीखालीच त्यांची खाट आहे.

मतदान झालं. पाच विरुद्ध चार, गच्ची. ते तीन लाख भरून काढायला ताज्या हवेची यंत्रणा मात्र वगळायचं ठरलं. मी बाईंचा दोन हजारांचा आकडा सांगितला, कोणी ऐकलं नाही. एक तह झाला आणि त्यात एक पोट कापलं गेलं. हे फेब्रुवारी २०२० मधलं.

मार्चमध्ये टाळेबंदी आली. पुढची बैठक झाली ती उन्हाळा संपल्यावर, तोंडाला मास्क लावून, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून. आमच्यातला एक संचालक तोवर आमच्यात राहिला नव्हता. पापडांचा विनोद केला होता, तेच ते. ताज्या हवेचा विषय पुन्हा मांडावा लागला नाही. कोणीतरी म्हणालं, ‘ते हवेचं घ्या परत,’ आणि चर्चेविना ठराव झाला.

इमारत २०२१ च्या शेवटी सुरू झाली. हॉलमध्ये मी हट्टानं छताचे पंखेही ठेवले. पंखा फिरता असला की सव्वीस अंशांवरही माणूस सुखात बसतो. अध्यक्षांच्या केबिनमध्ये सुरुवातीला अठरावर लावलेलं असायचं. आम्ही मग चोवीसच्या खाली जाणार नाही अशी सोय करून घेतली, आणि ते अजून त्याबद्दल माझ्याशी मोकळेपणानं बोलत नाहीत.

पहिल्या मेमध्ये अक्का व्याज घ्यायला आल्या. बाकावर पदर सावरून बसल्या, इकडे तिकडे पाहिलं. मी जवळ जाऊन विचारलं, ‘अक्का, बरं वाटतंय का गार?’

‘हाय की,’ त्या म्हणाल्या. ‘पण त्यो पंखा जरा बारीक कर रे मास्तर. पासबुकाची पानं उडायलेत.’