औषधाला दाद न देणारा क्षय : प्रयोगशाळेतील परीक्षण आणि भोर-वेल्ह्यातील वैद्य

राजयक्ष्म्याची चार कारणे आणि त्रिरूप, षड्रूप व एकादशरूप ही लक्षणांची मांडणी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. लक्षणांवरून क्षयाचा संशय घेण्यात वैद्यवर्ग कोठेही उणा नाही. परंतु रुग्णाच्या फुप्फुसातील जंतू रिफाम्पिसिनला दाद देईल की नाही, हे दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेने कळत नाही. ते क्ष-किरण चित्रातही दिसत नाही. त्याचा निर्णय केवळ प्रयोगशाळेतच होतो. हा निर्णय कसा होतो आणि त्यात आपला वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रतिरोध कसा उत्पन्न होतो

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयजंतूचा शोध जाहीर केला. त्यावर परिणामकारक औषध मात्र १९४३-४४ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने हाती आले. ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन मंडळाने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत असे दिसले की, आरंभी सुधारलेल्या अनेक रुग्णांत काही महिन्यांतच औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. कारण सरळ आहे. साधारणपणे दहा लाख जंतूंमागे एक जंतू आयसोनियाझिडला आणि दहा कोटींमागे एक जंतू रिफाम्पिसिनला जन्मतःच दाद देत नाही. फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटींहून अधिक जंतू असू शकतात. अशा वेळी एकच औषध दिल्यास बाकीचे मरतात आणि प्रतिरोधी तेवढे उरून वाढतात. अनेक औषधे एकत्र देण्याचे आणि चिकित्सा अर्धवट न सोडण्याचे तत्त्व यातूनच सिद्ध झाले.

संवर्धनाची पद्धत

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यास एक मिलिलिटर बेडक्यात सुमारे पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. दिसलेला जंतू जिवंत की मृत, प्रतिरोधी की नाही, हे तेथे समजत नाही. म्हणून जंतू वाढवून पाहण्याची पद्धत आली. लोवेनस्टाइन-जेन्सन या अंडीयुक्त, हिरवट माध्यमाच्या बाटल्यांत जंतू पेरतात. काही बाटल्यांत ठरावीक मात्रेत औषध मिसळलेले असते. आयसोनियाझिडसाठी ही मात्रा ०.२ आणि रिफाम्पिसिनसाठी ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकी असते. औषधविरहित बाटलीच्या तुलनेत औषधाच्या बाटलीत एक टक्का किंवा त्याहून अधिक वाढ झाली, तर जंतू प्रतिरोधी समजावा. ही प्रमाण-पद्धती होय. ती विश्वसनीय आहे, परंतु क्षयजंतू अतिशय मंदगतीने वाढत असल्याने संवर्धन व परीक्षण मिळून दोन ते तीन महिने जातात. द्रव माध्यमाच्या स्वयंचलित यंत्रात प्राणवायूच्या क्षयावरून वाढ ओळखली जाते आणि हा काळ बराच कमी होतो.

जनुकावरून परीक्षण

रिफाम्पिसिनचा बहुतेक प्रतिरोध ‘आरपीओ-बी’ या जनुकाच्या ८१ घटकांच्या लहानशा भागातील बदलामुळे येतो. तो भाग थेट वाचला तर जंतू वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेल्या लाइन प्रोब परीक्षेत कागदी पट्टीवरील रेषांवरून रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड या दोहोंचा प्रतिरोध दोन-तीन दिवसांत कळतो. डिसेंबर २०१० मध्ये मान्यता मिळालेली जीन-एक्सपर्ट परीक्षा सुमारे दोन तासांत उत्तर देते. भारतात विकसित झालेल्या ट्रूनॅट यंत्राला २०२० मध्ये मान्यता मिळाली. ते बॅटरीवर चालते, म्हणून वीज खंडित होणाऱ्या ग्रामीण भागात त्याचे महत्त्व विशेष आहे.

या परीक्षांच्या दोन मर्यादा वैद्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जीन-एक्सपर्टच्या मूळ परीक्षेत आणि ट्रूनॅटच्या नेहमीच्या परीक्षेत केवळ रिफाम्पिसिनचा प्रतिरोध कळतो. ‘रिफाम्पिसिनला दाद देतो’ असा अहवाल आला तरी आयसोनियाझिडबाबत निःशंक होता येत नाही. दुसरी, मृत जंतूचे जनुकही या यंत्रात दिसते. म्हणून चिकित्सा चालू असता सुधारणा पाहण्यासाठी ही परीक्षा वापरू नये. त्यासाठी सूक्ष्मदर्शक व संवर्धन हेच योग्य.

मुंबईचा धडा

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत शंभर खाजगी चिकित्सकांनी क्षयासाठी ८० निरनिराळे औषधक्रम लिहून दिले. २०१० मधील धारावीच्या पाहणीत १०६ पैकी केवळ सहा जणांचा औषधक्रम बिनचूक होता. पुढे २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील तिघांना अनेक खाजगी चिकित्सकांकडून दुसऱ्या फळीची औषधे एकेक करून, बहुधा चुकीच्या मात्रेत मिळाली होती. त्या स्थितीस दिलेल्या नावावरून वाद झाला. परंतु प्रतिरोध चिकित्सेच्या हयगयीतून पोसला जातो, हे त्यातून स्पष्ट झाले.

आपल्या भागात काय करावे

हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ. भाटघर व नीरा-देवघर जलाशयांच्या काठच्या वाड्या. आणि आता राजगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्हे तालुक्यातील दुर्गम गावे. येथील रुग्णाची पहिली भेट बहुधा जवळच्या वैद्याशी होते. तो कामासाठी पुण्या-मुंबईस जातो, तेथे औषध सुरू करतो आणि पावसाळ्यात शेतीसाठी परत येऊन ते सोडतो. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ज्वर, वजन घटणे किंवा कफातून रक्त जाणे, यांपैकी काहीही असल्यास प्रथम बेडक्याची तपासणी. पूर्वी क्षयाचे औषध घेतलेल्यास प्रतिरोधाचा संशय अधिक धरावा.

२. नमुना म्हणजे लाळ नव्हे. चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, खोल खोकून काढलेला दोन ते पाच मिलिलिटर बेडका हवा. एक नमुना सकाळचा असावा. तो मोकळ्या हवेत घ्यावा आणि थंड ठेवून लवकर पोहोचवावा. उष्णतेत इतर जंतू माजतात व संवर्धन वाया जाते.

३. निदानापूर्वी खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिन वा तत्सम औषध मिळू नये. ते क्षयजंतूवरही काम करते. रुग्णास तात्पुरते बरे वाटते, निदान लांबते आणि मोलाच्या औषधाचा प्रतिरोध तयार होतो.

४. प्रतिरोधाचा अहवाल आल्यास रुग्णास शासकीय क्षयरोग केंद्राकडे सोपवावे. आपल्या रसायन वा बृंहण कल्पांची माहिती तेथील चिकित्सकांना लेखी द्यावी. क्षयाची काही औषधे यकृतास पीडा देतात.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी

क्षयाची औषधे तसेच लिव्होफ्लॉक्सासिन व मॉक्सिफ्लॉक्सासिन ही १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेनुसार रुग्णाची माहिती शासनास कळविणे हे चिकित्सक, प्रयोगशाळा व औषधविक्रेते या तिघांचेही कर्तव्य आहे. जुनी चिठ्ठी दाखवून चार गोळ्या मागणारा ग्राहक हा अर्धवट चिकित्सेचा रुग्ण असू शकतो. त्यास गोळ्या देऊन वाटेस लावण्यापेक्षा तपासणीस पाठविणे हीच खरी सेवा होय.

पूर्वी प्रतिरोधी क्षयाची चिकित्सा दीड ते दोन वर्षे चाले. भारतात २०२४ मध्ये मान्यता मिळालेला सहा महिन्यांचा, केवळ पोटात घ्यावयाच्या औषधांचा क्रम पात्र रुग्णांना उपलब्ध झाला आहे. रुग्ण त्यासाठी वेळेवर पोहोचेल की नाही, हे पहिला बेडका कोणी व कधी तपासावयास पाठविला यावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे. भोर-वेल्ह्यात तो पाठविणारा बहुधा आपल्यापैकीच कोणी असणार.