तिला चहा करू द्या!

‘माझ्यानंतर याचं कसं होणार?’ विशेष मुलांच्या पालकसभेला गेले, की हा प्रश्न एखादी तरी आई विचारतेच. मूल लहान असतं तोवर शाळेच्या धावपळीत दिवस निघून जातात. अठरावं लागतं, शाळा सुटते आणि मूल टीव्हीसमोर येऊन बसतं. म्हणूनच मैत्रिणींनो, तयारी चौदा-पंधराव्या वर्षीच सुरू करायला हवी, आणि तीही घरातच!

ओळखीतल्या एका मुलीला बौद्धिक अपंगत्व आहे. तिची आई तिला गॅसजवळ फिरकू देत नसे. ‘भाजलं म्हणजे?’ भीती काही खोटी नव्हती. मग आम्ही चहाच्या कृतीचे लहान-लहान भाग पाडले. पहिला आठवडा फक्त कपाने मोजून पाणी ओतायचं. नंतर साखर, मग चहापूड. गॅस पेटवणं अगदी शेवटी, आई शेजारी उभी असतानाच. चार महिने लागले. आता संध्याकाळचा चहा तीच करते. ‘साखर जास्त झाली,’ असं म्हणत का होईना, वडील कप रिकामा करतात!

हीच रीत बाकीच्या कामांना. आंघोळ, पाळीतली स्वच्छता, वाण्याकडून सामान आणून उरलेले पैसे घरी देणं, एसटीतून बरोबर थांब्यावर उतरणं. नको तो स्पर्श झाला तर ओरडायचं, हे तर मुलगा असो वा मुलगी, शिकवायलाच हवं.

कागदपत्रांकडेही लक्ष हवं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड आणि मुलाच्या नावाचं बँक खातं वेळेत करून घ्या. अठराव्या वर्षी मूल कायद्याने सज्ञान होतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल आणि पालकत्वाची गरज असेल, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना २०१६च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. अंध, कर्णबधिर मुलांच्या आयांनी हे दहावीनंतर लगेच लक्षात घ्यावं.

उद्यापासून एकच काम निवडा. वेळ लागेल, सांडलवंड होईल. होऊ द्या. हात मात्र मुलाचेच चालू द्या.