कडेचं प्यादं, डोळा मध्यावर

मार्च 1924. न्यूयॉर्कच्या जंगी बुद्धिबळ स्पर्धेत सुट्टीच्या दिवशी काही खेळाडू ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात गेले. तिथल्या सुझन नावाच्या ओरांगउटानवर तार्ताकोव्हर असा खूश झाला की, पुढच्याच डावात मारोत्सीसमोर त्याने पहिली चाल केली बी-4: वजिराच्या बाजूच्या घोड्यासमोरचं प्यादं दोन घरं पुढे! सल्ला सुझनचा, असंही सांगून टाकलं. डाव गेला, पण ओपनिंगला 'ओरांगउटान' हे नाव कायमचं चिकटलं.

नाव गमतीचं असलं तरी चालीमागचा हिशोब पक्का आहे. प्यादं सरकलं की उंट बी-2 वर बसतो आणि पटाच्या एका कोपऱ्यातून थेट दुसऱ्या कोपऱ्यावर नजर ठेवतो. काळ्याने ई-5 खेळून मध्य धरला, तर पहिला मारा त्याच प्याद्यावर. मग काळा आपल्या उंटाने बी-4 मारतो, पांढरा ई-5 मारतो. प्यादी दोघांची एकेकच गेली. मात्र पांढऱ्याचं गेलं कडेचं आणि काळ्याचं ऐन मध्यातलं. बदल्यात काळ्याची मोहरी भराभर बाहेर पडतात. धीर धरणाऱ्याला हा सौदा परवडतो, असं माझं ठाम मत आहे. काळ्याने बी-4 चं प्यादं न मारता सी-6 वर घोडा आणला, तर तेच प्यादं बी-5 वर जाऊन त्याला हाकलतं. अलेक्सेई सोकोल्स्कीने 1963 मध्ये या एका चालीवर अख्खं पुस्तक लिहिलं!

कडेने यायची ही रीत आपल्याला परकी नाही. देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. त्यामुळे उंट कोपऱ्याच्या बाजूने काढणं सोयीचं पडे. 1850 च्या दशकात महेशचंद्र बॅनर्जी कोलकात्यात बॅरिस्टर कॉक्रेनविरुद्ध असेच खेळत. 'इंडियन डिफेन्स' म्हणतात ते याच घराण्यातलं.

आणि समोरचा जिथे सावध नाही तिथून शिरायचं, हे सुपेकरांना कुणी शिकवावं? सुपे परगणा संभाजी मोहिते, म्हणजे शिवरायांचे सावत्र मामा, यांच्या ताब्यात होता. सभासद बखर सांगते, शिवराय शिमग्याचं पोस्त मागायला म्हणून मामांच्या भेटीला गेले आणि त्यांना कैद करून सुपे घेतलं.

कडेच्या चालींत जोखीम आहेच. स्विस खेळाडू हेन्री ग्रोबची लाडकी चाल जी-4, पण ती स्वतःच्या राजासमोरचीच भिंत पाडते. बेलग्रेड, 1970: सोव्हिएत संघाविरुद्ध उर्वरित जग. जगाच्या पहिल्या पटावर बेंट लार्सनने स्पास्कीसमोर बी-3 खेळली. काळ्याचं ई-प्यादं पुढे घुसलं, घोडा पळाला, चौदाव्या चालीला स्पास्कीने एच-1 वर हत्तीचा बळी दिला आणि 17 चालींत खेळ खलास. शेजारच्या दुसऱ्या पटावर होता बॉबी फिशर. त्याच वर्षी पाल्मात त्याने मेकिंगसमोर पहिली चाल खेळली तीच, बी-3. आणि जिंकला!