मालमोटारीचे अर्धे मडगार्ड : कां व कसे बसवावे

महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेचा अहवाल असावा, देणगीदारांची यादी असावी, थोरामोठ्यांचे आशीर्वाद असावेत. त्यांत मालमोटारीच्या मडगार्डास जागा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. आमचे उत्तर साधे आहे. मोटारीचे बहुतेक भाग मालकाच्या कामी येतात. इंजिन ओझे ओढते, ब्रेक गाडी थांबवितो, कमानी भार सोसतात. मागच्या चाकावरील मडगार्डाचा लाभ मात्र मुख्यतः मागून येणाऱ्या परक्या माणसास होतो. धर्मादाय संस्थेच्या पानांत अशा वस्तूविषयी चार शब्द येणे आम्हांस वावगे वाटत नाही.

आमचा बरकतपुरा काचीगुडा व नारायणगुडा यांच्या मध्ये वसलेला आहे. बेगम बाजार, उस्मानगंज या ठोक मालाच्या पेठा येथून फार दूर नाहीत. या शहराला मोटार वाहतूक नवी नाही. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्या व १६६ नोकर यांनिशी रस्त्यावरील वाहतूक सुरू केली होती. मालाची ने-आण तर महाराष्ट्राशी अखंड चालते. एक मार्ग जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा असा सोलापुरास व पुढे पुण्यास जातो, दुसरा निर्मळ, आदिलाबादेवरून नागपुरास. दोन्ही वाटांवर काळी चिकण माती लागते. पावसाळ्यात ऊस, कापूस वा धान्य भरावयास गाडी शेताच्या कडेला उतरली, की ती माती चाकांस चिकटून पक्क्या सडकेवर येते आणि वेग वाढताच उडू लागते.

ती कशी उडते हे आधी समजून घेऊ. फिरत्या चाकावरून सुटलेला चिखल त्या जागी चाकाला जी स्पर्शरेषा असेल तिच्या दिशेने जातो. चाकाचा जमिनीला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो, तर माथ्याचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. गाडी ताशी ६० किलोमीटर असेल तर तो १२०! शिवाय मोठ्या मालमोटारीस मागे जोडचाके असतात. त्या दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगड सुटला तर तो गोफणीतून सुटल्यासारखा येतो. चिखलपाण्याचा फवारा मागच्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर बसला, तर दोन क्षण त्यास काही दिसत नाही. भर पावसात, रात्री, त्या दोन क्षणांत काय होऊ शकते हे सांगावयास नको.

संपूर्ण मडगार्ड चाकास पुढून मागून वेढते. आमच्या काळ्या मातीत त्यात एक दोष आहे: चिखल आत कोंडून घट्ट होतो आणि टायरला घासतो. अर्धे मडगार्ड चाकाच्या माथ्यापासून मागच्या बाजूपर्यंतच असते व त्याच्या खालच्या टोकास रबरी पट्टा लोंबतो. पुढची बाजू मोकळी असल्याने माती बरीचशी गळून पडते, चाक बदलणे व ब्रेक पाहणे सोपे जाते, वजनही कमी भरते.

आता बसविण्याची अडचण. हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या गाडीत भार कमी-जास्त झाला तरी उंची जवळजवळ तीच राखता येते. पाट्यांच्या कमानींवरील गाडीचे तसे नाही. रिकामी असताना ती उंच उभी असते, भरली की चासी खाली बसते. म्हणजेच चाक चासीच्या जवळ येते. खड्ड्यात ते आणखी वर उसळते. एकाच बाजूचे चाक दगडावर चढले तर ॲक्सल तिरपा होतो. दोन मागील ॲक्सलांच्या गाडीत तर एक चाक वर जाते तेव्हा दुसरे खाली जाते. यावर आणखी एक बारकावा आहे. कमानीचे पुढचे टोक खिळलेले आणि मागचे शॅकलवर झुलते असेल, तर भाराने कमान सपाट होताना लांबते आणि ॲक्सल किंचित मागे सरकतो. म्हणून अंतर केवळ वरून नव्हे, मागूनही सोडावे लागते.

माप असे घ्यावे. रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी करून ॲक्सल आणि त्यावरील धक्का-रबर यांमधील अंतर मोजावे. चाक वर जाण्यास तेवढी वाट शिल्लक असते. टायरचा माथा व मडगार्ड यांत त्या अंतराहून दोन-तीन इंच अधिक मोकळीक ठेवावी, कारण रबरही दबते व ॲक्सलही तिरपा होतो. उदाहरणार्थ, ते अंतर चार इंच भरले, तर मडगार्ड माथ्यापासून निदान सहा-सात इंच वर हवे. रिकाम्या गाडीला ते उंच व बेढब दिसते म्हणून पुष्कळ जण खाली घेतात. पहिल्याच भरलेल्या फेरीत टायर घासतो. रबरी पट्ट्याची लांबी मात्र भरलेल्या गाडीवर ठरवावी. रिकाम्या गाडीवर जमिनीपासून जेमतेम ठेवला, तर भरल्यावर तो जमिनीला टेकतो आणि मागे घेताना चाकाखाली सापडून मडगार्डासकट उपटला जातो.

आधार कोठे द्यावा? ॲक्सलवर दिला तर मडगार्ड चाकाबरोबर हलते व अंतर कमी पुरते. पण कमानीखालचा प्रत्येक धक्का थेट बसून आधाराचे लोखंड लवकर चिरते. म्हणून चासीचाच आधार बरा. मालाच्या हौद्याला मडगार्ड अडकवू नये. टिपर गाडीचा हौदा तर उचललाच जातो. चासीच्या वरच्या व खालच्या आडव्या पट्टीस भोक पाडू नये, भार तेथे सर्वांत अधिक येतो. उभ्या पट्टीत आधीची भोके असतील ती वापरावी. चासीस वेल्डिंग करण्याचा मोह तर टाळावाच. त्या आचेने पोलादाचा गुण जातो आणि तेथूनच पुढे चीर धरते. कमानीच्या पाट्यांना आच लावणे किंवा त्यांच्या यू-बोल्टांत आधार कोंबणे त्याहून घातक. प्रत्येक मडगार्डास दोन बाहू, मुळाशी जाड पट्टी, मध्ये रबराचा तुकडा व न सैलावणारे नट असावेत. ब्रेकच्या नळ्या आणि मागील दिव्यांच्या तारा यांपासून बाहू दूर असावेत. मडगार्डाची रुंदी दोन्ही टायर झाकील इतकी हवी, पण गाडीच्या अंगाबाहेर ते डोकावू नये. पत्र्याची कड वळविलेली हवी. धारदार कड टायरही कापते व माणसाचा हातही.

शेवटी परीक्षा. मडगार्डाच्या आतल्या अंगाला, माथ्यावर व मागे, ओल्या मातीचे गोळे चिकटवावेत आणि भरलेली गाडी खराब वाटेवर सावकाश फिरवून आणावी. गोळा दबला असेल तर अंतर अपुरे आहे असे समजावे. पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत. ही शेवटची गोष्ट बहुधा राहून जाते, आणि सैल झालेले मडगार्ड भर रस्त्यात गळून पडले तर ज्याच्या रक्षणासाठी ते बसविले त्याच्याच पुढ्यात ते पडते.

हे सारे काम निष्णात मिस्त्रीच्या एका दिवसाचे आहे. आमच्या समाजात मालमोटारींचे मालक आहेत, चालक आहेत, कारखान्यांत राबणारे कारागीरही आहेत. त्यांस आमची विनंती एवढीच, की येत्या मृगापूर्वी आपापल्या गाडीच्या मागे जाऊन एकदा उभे राहावे आणि मागून स्कूटरवर येणाऱ्याच्या नजरेने चाकांकडे पाहावे. पाणपोई घालणारा तहानलेल्याचे नाव विचारीत नाही. मागून येणाऱ्या अनोळखी वाटसरूची दृष्टी राखणे हेही त्याच जातीचे पुण्य होय.