शांत रस्ता कसा ओळखायचा? निडी, रोहा आणि कुंडलिकेच्या काठाने सायकल

(हा आपल्या पॉडकास्टच्या एपिसोडचा लेखी मजकूर आहे. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, पण सायकल चालवताना मात्र दोन्ही करू नका.)

मागच्या महिन्यात बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. "सायकल घेतलीये, पण जायचं कुठे? हायवेवर भीती वाटते, घरचे सोडत नाहीत." घरचे बरोबर बोलतायत. मुंबई-गोवा महामार्गावर ट्रेलर अंगाजवळून गेला की सायकल हलते आणि आपण आतून हलतो. त्यामुळे आज आपण 'कुठे जायचं' याच्या आधी 'शांत रस्ता शांत का असतो' हे समजून घेऊया. ते एकदा कळलं की कुठल्याही जिल्ह्यात तुमचा रस्ता तुम्हीच शोधाल.

उदाहरणासाठी मी घेतलंय निडी. पनवेल-रोहा लाइनवर नागोठणे गेलं की हे छोटं स्टेशन येतं आणि त्यानंतर लगेच रोहा. कागदोपत्री गावाचं नाव 'निडी तर्फे अष्टमी'. अष्टमी म्हणजे कुंडलिकेच्या पलीकडचं रोह्याचं जुळं गाव. मोजक्याच गाड्या इथे थांबतात. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या निडीवरून नुसत्या धडधडत जातात.

आधी जमीन समजून घ्या

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. थर आडवे असल्यामुळे वर सपाट पठार, आणि पश्चिमेला एकदम तुटलेला कडा. कड्यावरून निघालेल्या नद्यांना समुद्र गाठायला फार थोडं अंतर मिळतं, म्हणून त्या खोल दऱ्या कापतात. ताम्हिणीच्या बाजूने कुंडलिकेची दरी बघितली असेल तर मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

याच उताराचा वापर करून टाटांनी मुळशीचं पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून खाली भिऱ्याला आणलं. भिऱ्याचं वीजघर १९२७ चं. त्याआधी त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता, हेही विसरू नका. वीज तयार करून सोडलेलं पाणी कुंडलिकेत येतं, म्हणून कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं.

सायकलवाल्यासाठी याचा अर्थ काय? रस्त्यांचे तीन प्रकार. नदीकाठचे सपाट रस्ते, दोन खोऱ्यांमधल्या खिंडी, आणि कोकणातून देशावर चढणारे घाट. नागोठण्याहून रोह्याला येताना भिसे खिंड लागते, ती दुसऱ्या प्रकारातली. अंबेच्या खोऱ्यातून तुम्ही कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरता. ताम्हिणी तिसऱ्या प्रकारातला, कोकणाच्या पायथ्यापासून जवळपास सहाशे मीटर वर. पहिल्यांदाच जाणाऱ्याने पहिल्या प्रकाराने सुरुवात करावी, मग खिंड आणि घाट सगळ्यात शेवटी.

रस्ता शांत का असतो? चार कारणं

एक, शेजारी मोठा रस्ता असतो. ट्रक, एसटी, खासगी गाड्या सगळ्यांना वेळ वाचवायचा असतो. मोठा रस्ता मिळाला की जुना रस्ता मोकळा होतो. पण मोठ्या रस्त्याचं काम रखडलं की उलटं होतं. पळस्पे ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षांहून जास्त लांबलं. अशा वेळी गाड्या आतले रस्ते शोधतात. म्हणून जायच्या आठवड्यात चौकशी करा, दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून निघू नका.

दोन, रस्ता कुठेच 'लवकर' नेत नाही. वळणं घेत, वाड्या जोडत जाणारा रस्ता घाईत असलेल्या माणसाला नको असतो. आपल्याला नेमका तोच हवा.

तीन, मध्ये खाडी येते. कोकण किनाऱ्यावर हा सगळ्यात मोठा फिल्टर आहे. आगरदांडा-दिघी किंवा बागमांडला-वेश्वी इथे फेरीबोटीने पलीकडे जावं लागतं. बोटीत मावतील तेवढ्याच गाड्या, त्यासुद्धा थांबून थांबून. पलीकडे उतरलात की बोटीतल्या गाड्या पाच मिनिटांत पुढे निघून जातात आणि पुढची बोट येईपर्यंत रस्ता तुमचा.

चार, वेळ. तोच रस्ता मंगळवारी सकाळी शांत आणि रविवारी दुपारी जत्रा. ताम्हिणी हे याचं ठळक उदाहरण. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे सायकल नेऊच नका. कोलाड-रोहा रस्त्यावर धाटावची एमआयडीसी आहे, तिथे शिफ्ट सुटायची वेळ टाळा.

फोनवर आणि रस्त्यावर कसं ओळखायचं?

आपल्याकडे रस्त्यांची उतरंड आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. खाली जाल तशी वर्दळ कमी, पण खड्ड्यांची खात्री जास्त. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. केशरी म्हणजे गावाकडचा रस्ता, तो दिसला की मी खूश.

मॅपवर ट्रॅफिकचा लेयर सुरू करा. ज्या रस्त्यावर रंगच उमटत नाही, तिथे बहुतेक फोन घेऊन फिरणारी माणसंच कमी आहेत. मग सॅटेलाइट व्ह्यू लावून रस्ता डांबरी आहे की मातीचा ते बघा. आणि शेवटची पायरी, चहाच्या टपरीवर विचारा. "दादा, या रस्त्याला डंपर असतात का?" खडीची क्रशर कुठे सुरू झाली हे मॅपला कळायच्या आधी टपरीवाल्याला कळतं.

एक दिवसाचा बेत

निडीहून रोहा जवळ आहे. सकाळी लवकर निघा, डावी-उजवीकडे भातखाचरं आणि वर अवचितगडाचा डोंगर. रोह्यात नाश्ता. नंतर कुंडलिकेच्या दक्षिण काठाने चणेरा, तळेखार करत साळाव. जसजसे पुढे जाल तशी नदीची खाडी होते, पाण्याला खारट वास येतो, आणि पलीकडे रेवदंडा दिसायला लागतं. रोह्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरच्या आसपास. दमलात तर तिथेच थांबा. पाय चांगले असतील तर किनाऱ्याने कोर्लई, काशीद करत मुरुडकडे जा, पण काशीदचा रस्ता सुट्टीच्या दिवशी शांत नसतो. आतल्या बाजूला फणसाड अभयारण्य आहे. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं जंगल, आता शेकरूचं घर. तिथे हॉर्न, स्पीकर काही नको.

सायकल ट्रेनने न्यायची असेल तर ती डब्यात तशीच चढवता येत नाही, लगेज म्हणून बुक करावी लागते. छोट्या स्टेशनवर ती सोय धरून चालू नका. त्यामुळे पनवेल किंवा रोह्याला आधी विचारा. घडी होणारी सायकल पिशवीत असेल तर काम सोपं होतं.

ऊन आणि पाऊस

मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि हे छोटं गाव देशभरच्या बातम्यांत आलं. डोंगरांच्या कुशीतल्या खोलगट जागेत वारा अडतो आणि गरम हवा कोंडते. म्हणून मार्च ते मे अकरानंतर सायकल बंद. जून ते सप्टेंबर घाटात दरड कोसळायचा धोका असतो. २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेला आणि २०२३ मध्ये खालापूरजवळच्या इर्शाळवाडीत काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. अतिवृष्टीचा इशारा असेल तर घरी बसा. ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम.

शांत रस्त्याची एक दुसरी बाजूही आहे. मदत उशिरा येते. म्हणून पंक्चर काढायचं सामान, जास्तीची ट्यूब, तीन लिटर पाणी, मागे लाल दिवा, आणि घरच्या एका माणसाकडे लाइव्ह लोकेशन. रेंज जाणार हे धरून मॅप आधीच डाउनलोड करा.

आता थोडं अवघड बोलूया

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कामं सुरू आहेत. खाड्यांवर पूल होतील आणि मी मघाशी सांगितलेला फिल्टर हळूहळू जाईल. मला वाईट वाटतं का? हो. पण आपल्याला जो 'शांत' वाटतो तोच रस्ता रात्री अकराला बाळंतीण बाईला दवाखान्यात नेणाऱ्या घराला 'लांब' वाटतो. आपण दिवसभरासाठी येतो, ते तिथे राहतात. त्यामुळे 'पूल नको' असं मी म्हणणार नाही.

मागायचंच असेल तर दुसरं काहीतरी मागू. नवा रस्ता झाल्यावर जुन्या रस्त्याची डागडुजी सोडून देऊ नका. तो गावातल्या शाळेच्या पोरांचा, बाजाराला चालत जाणाऱ्या आजीचा रस्ता आहे. अवजड गाड्या नव्याने जाऊ द्या, जुना पायाचा आणि सायकलचा राहू द्या. हे ग्रामसभेत मांडता येतं, आणि तुमचं गाव तिकडे असेल तर ते तुम्हीच मांडायला हवं.

तर या आठवड्याचं काम: तुमच्या घरापासून तीस किलोमीटरच्या आत एक केशरी दगडाचा रस्ता शोधा, आणि त्याला शांत ठेवणारं कारण या चारपैकी कोणतं ते मला लिहून पाठवा. निवडक रस्ते पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. हेल्मेट घाला, रस्त्याच्या कडेला कचरा टाकू नका, आणि समोरून बैलगाडी आली तर आधी तिला जाऊ द्या. भेटू!